घरची आयपीए दर वेळी जड, गोड आणि खरखरीत कडू का होते: पाककृतीतील दोष कसा शोधावा

पहिला घोट जड आणि गोडसर लागतो, तो गिळल्यावर जिभेच्या मुळाशी खरखरीत कडवटपणा चिकटून राहतो, आणि बाटल्या भरल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत संत्र्या-पपनसाचा वास विरून त्याच्या जागी जुन्या मधासारखा वास येऊ लागतो. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे घरी बिअर बनवताना माझ्या सलग चार आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे फिकट, कडसर आणि सुगंधी बिअर) बॅचेसमध्ये हे तिन्ही दोष एकत्र दिसले. चारही वेळा मी हॉप, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुले, वाढवून पाहिले आणि चारही वेळा बिअर आधीपेक्षा बिघडली. पाचव्या बॅचपूर्वी मी हॉपची पाकिटे फ्रीझरमध्येच राहू दिली आणि आधीच्या नोंदी ओळीने वाचून काढल्या, तेव्हा लक्षात आले की दोष माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) निवडीत, मॅशच्या (गरम पाण्यात माल्ट भिजवण्याच्या) तापमानात, पाण्यात आणि शेगडी बंद केल्यानंतरच्या पाऊण तासात दडला होता. ज्यांची आयपीए वारंवार अशीच होते, त्यांनी एक ग्रॅमही हॉप वाढवण्यापूर्वी ही तपासणी करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्यामुळे घरगुती वापरासाठी बिअर बनवता येते. दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन आणि एकट्या प्रौढाला १०० गॅलन अशी तिची मर्यादा असून ती विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे पुणे-मुंबईच्या वाचकांनी हा मजकूर आपल्या शहरातील मायक्रोब्रुअरीत मिळणारी आयपीए समजून घेण्यापुरता वापरावा.

आधी मोजमाप तपासा

माझी बिघडणारी पाककृती २० लिटरसाठी अशी होती: अमेरिकन टू-रो पेल माल्ट ४.८ किलो, क्रिस्टल ६० माल्ट अर्धा किलो, कॅरापिल्स पाव किलो आणि म्युनिक पाव किलो. मॅशचे तापमान ६८.५ अंश सेल्सिअस होते. आरंभीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता, साखर संपते तशी ती उतरते) १.०६३ आले आणि अखेरचे १.०१९ वर थांबले. म्हणजे यीस्टने साखरेचा जेमतेम ७० टक्के भाग संपवला होता. आयपीएसाठी अखेरचे गुरुत्व १.००८ ते १.०१४ या पट्ट्यात असावे लागते, आणि मला स्वतःला १.०१२ च्या वरची आयपीए जडच वाटते.

मात्र १.०१९ हा आकडा खरा आहे का, हे आधी पाहावे. अनेक जण किण्वन संपल्यावरही रिफ्रॅक्टोमीटरनेच (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाने) वाचन घेतात आणि अल्कोहोलमुळे ते वाचन फसवे येते. आरंभी १५.२ ब्रिक्स (साखरेचे टक्के) असलेल्या वर्टचे (मॅशमधून मिळणाऱ्या गोड द्रवाचे) किण्वनानंतर ७ ब्रिक्स दिसले, तर सरळ कोष्टकात पाहणाऱ्याला ते १.०२८ वाटते, अल्कोहोलची दुरुस्ती धरल्यावर तेच सुमारे १.०१२ निघते. या एका चुकीमुळे किण्वन अडकले असे समजून पूर्ण झालेल्या बिअरमध्ये दुसरे यीस्ट टाकल्याचे मी पाहिले आहे. अखेरचे वाचन द्रवात तरंगणाऱ्या हायड्रोमीटरनेच घ्यावे, बिअरच्या नमुन्यातील वायू आधी हलवून काढावा, आणि हायड्रोमीटर शुद्ध पाण्यात त्याच्यावर छापलेल्या तापमानाला बरोबर १.००० दाखवतो का, हे वर्षातून एकदा तरी तपासावे.

आकडा खरा निघाला, तर दोष वर्टचा आहे की यीस्टचा हे ठरवण्याची एक सोपी परीक्षा आहे. ब्रूइंगच्या दिवशी थंड झालेल्या वर्टपैकी २०० मिलिलिटर स्वच्छ बाटलीत काढावे, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट टाकावे, बाटलीचे तोंड सैल झाकावे, ती २४ ते २५ अंशांच्या उबदार जागी ठेवावी आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवावी. दोन-तीन दिवसांत ते वर्ट जेवढे खाली जाऊ शकते तेवढे जाते. ही छोटी बाटलीही १.०१८ वर थांबली, तर वर्टमध्येच न आंबणारा भाग जास्त आहे आणि माल्ट व मॅश बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. बाटली १.०११ पर्यंत उतरली आणि मोठी बॅच मात्र १.०१९ वर अडली, तर पाककृती निर्दोष आहे. यीस्टचे प्रमाण, त्याचे वय, वर्टमधील प्राणवायू किंवा तळघरातील थंडी यांपैकी काहीतरी चुकले आहे. माझी बाटली १.०१७ वर थांबली आणि तेथेच पहिला निकाल लागला.

माल्ट: गोडवा कोठून येतो

क्रिस्टल माल्ट बनवताना ओलसर हिरवे माल्ट आधी कोंडलेल्या उष्णतेत ठेवतात, त्यामुळे दाण्याच्या टरफलातच पिठुळाची साखर होते, आणि मग ते भाजतात. भाजताना त्या साखरेतून पाकाची, काकवीची, गडद प्रकारांत मनुकांची चव तयार होते आणि तिचा बराच भाग यीस्टला पचत नाही. इंग्लिश बिटर किंवा अंबर एलमध्ये हाच गुण हवाहवासा असतो. आयपीएमध्ये मात्र काकवीची चव आणि पपनसासारखा हॉपचा वास एकमेकांच्या वाटेत येतात, आणि हॉप कमी पडले असा भास होतो. माझ्या चारही बॅचेसमध्ये हाच भास झाला होता.

क्रिस्टल माल्टचा दुसरा तोटा उशिरा कळतो. प्राणवायू लागलेल्या बिअरमध्ये क्रिस्टलची चव खारीक-मनुकांकडे आणि मधाकडे झुकते, म्हणजे जी बिअर आधीच शिळी होऊ पाहत आहे, तिचे शिळेपण ते अधिक उघडे पाडते. अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीच्या आयपीएमध्ये क्रिस्टल माल्ट एकूण दाण्याच्या ४ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये आणि तेही २० किंवा ४० या फिक्या प्रतीचे असावे, असे माझे ठाम मत आहे. अजिबात नसले तरी बिघडत नाही. थोडी पावासारखी, भाजक्या धान्याची चव हवी असेल, तर व्हिएन्ना किंवा म्युनिक माल्ट पाच ते आठ टक्के घ्यावे. त्यांत चव असते पण चिकट गोडवा नसतो. पेल माल्टऐवजी ब्रिटनमधील मॅरिस ऑटर जातीचे माल्ट वापरले, तर याचीही गरज भासत नाही.

कॅरापिल्स मी फेसासाठी घालत असे. आता घालत नाही, कारण हॉप उकळल्यावर तयार होणारी कडू आयसो-अल्फा आम्ले स्वतःच फेस धरून ठेवण्यास मदत करतात आणि एवढे हॉप असलेल्या बिअरला फेसाची वेगळी तरतूद लागत नाही. फेस टिकत नसेल, तर ग्लासवर राहिलेला साबण किंवा तेलकटपणा आधी पाहावा.

मॅशचे तापमान हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. ६५ अंशांच्या आसपास बीटा अमायलेझ हे विकर पुरेसा वेळ टिकते आणि पिठुळाचे यीस्टला पचणाऱ्या माल्टोजमध्ये रूपांतर करते. ६८-६९ अंशांवर ते लवकर नष्ट होते, अल्फा अमायलेझ एकट्याने काम करते आणि न आंबणारी डेक्स्ट्रिने जास्त उरतात. म्हणून कोरड्या आयपीएसाठी ६५ अंशांवर ६० ते ७५ मिनिटांचा मॅश ठेवावा. थर्मामीटर वितळत्या बर्फात शून्य दाखवतो का, हेही एकदा पाहून घ्यावे. उकळत्या पाण्यात तपासणाऱ्यांनी आपल्या गावाची उंची लक्षात घ्यावी. डेन्व्हरसारख्या ठिकाणी पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. माझा थर्मामीटर दीड अंश कमी दाखवत होता, म्हणजे ६८.५ समजून मी प्रत्यक्षात ७० अंशांवर मॅश करत होतो.

येथे साखरेबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे साखर म्हणजे गोडवा असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. उकळीच्या शेवटी घातलेले डेक्स्ट्रोज, म्हणजे कॉर्न शुगर, यीस्ट जवळजवळ पूर्ण संपवते. मागे अल्कोहोल उरते आणि बिअर अधिक कोरडी, हलकी होते. सुमारे पाच-सहा टक्के डेक्स्ट्रोज घेऊन तेवढ्या प्रमाणात माल्ट कमी केले, तर अखेरचे गुरुत्व दोन अंकांनी (म्हणजे ०.००२ ने) सहज उतरते. घरची पांढरी साखरही चालते. गूळ मात्र टाळावा, त्याची स्वतःची चव आयपीएत उपरी लागते.

कडू की तुरट, हे जिभेला विचारा

खरखरीतपणाचे कारण शोधताना इंग्रजी लेखांत एकच शब्द सगळ्यांसाठी वापरलेला आढळतो आणि त्यामुळे गोंधळ होतो. मराठीत आपल्याकडे कडू आणि तुरट हे दोन नेमके शब्द आहेत आणि दोन्ही चवी लहानपणापासून ओळखीच्या आहेत. कारल्याची भाजी खाल्ल्यावर जी चव जिभेच्या मागे रेंगाळते, ती कडू. हिरडा किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ आणि गालांची आतली बाजू आखडते, कोरडी पडते, ते तुरट. पहिल्या दोषाचे मूळ हॉपच्या हिशोबात असते आणि दुसऱ्याचे बहुधा पाण्यात व मॅशमध्ये. घोट घेऊन अर्धा मिनिट थांबावे आणि गालांना जीभ लावून पाहावी. आखडल्यासारखे वाटले, तर हॉपच्या हिशोबाला हात न लावता थेट पाण्याकडे वळावे.

माझा दोष मुख्यतः कडूपणाचा होता. उकळीच्या सुरुवातीला मी १४ टक्के अल्फा आम्लाचे (उकळल्यावर कडू होणाऱ्या घटकाचे) ४० ग्रॅम हॉप ६० मिनिटांसाठी घालत होतो. वीस लिटरसाठी आणि १.०६२ च्या गुरुत्वासाठी कडूपणाच्या टिन्सेथ सूत्राने काढल्यास त्यांतील सुमारे २१ टक्के अल्फा आम्ल कडूपणात उतरते आणि एवढ्यावरच ५८ आयबीयू (कडूपणाची एकके) होतात. शिवाय शेगडी बंद केल्याक्षणी मी ६० ग्रॅम हॉप टाकत होतो. बहुतेक गणनयंत्रे या शेवटच्या हॉपचे शून्य आयबीयू धरतात. ते तेव्हाच बरोबर असते, जेव्हा वर्ट लगेच थंड होते. माझे भांडे जाड बुडाचे, थंड करणारी कॉइल लहान आणि वर्ट ८० अंशांच्या खाली यायला ४५ मिनिटे लागत होती. तेवढा वेळ ८० अंशांच्या वरच्या वर्टमध्ये अल्फा आम्लांचे कडू रूपांतर चालूच होते, आणि वाफेबरोबर सुगंधी तेले उडून जात होती. ज्या हॉपकडून मला वास हवा होता, त्यांनी कडूपणा दिला आणि वास स्वयंपाकघराला दिला.

त्यावरचा उपाय सोपा आहे. शेगडी बंद केल्यावर आधी वर्ट ७७ ते ८० अंशांपर्यंत उतरवावे, मग हॉप घालून, ढवळून भोवरा करून, २० मिनिटे झाकून ठेवावे आणि नंतर पूर्ण थंड करावे. त्या तापमानाला कडू रूपांतर उकळीच्या तुलनेत फारच मंद असते आणि तेलांचा मोठा भाग वर्टमध्ये राहतो. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा हॉपची जात बदलून कधीच पडला नव्हता.

अल्फा आम्लाचा आकडा पुस्तकातून घेऊ नये, पाकिटावरचा घ्यावा. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात अमेरिकेतील बहुतांश हॉप पिकतात. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर त्यांची काढणी चालते, आणि दर हंगामात एकाच जातीचा आकडा वेगळा येतो. सेंटेनियल एका वर्षी ९ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ११ टक्के निघू शकते.

कडूपणासाठी मॅग्नम किंवा वॉरियरसारखे स्वच्छ, जास्त अल्फा असलेले हॉप वापरावेत. महागडे सिट्रा ६० मिनिटांच्या उकळीत घालणे म्हणजे केशर फोडणीत टाकण्यासारखे आहे. वासासाठी दोन, फार तर तीन जाती घ्याव्यात. चौथ्या बॅचमध्ये मी पाच जाती एकत्र केल्या होत्या आणि त्यांतील एकही ओळखू येत नव्हती. सेंटेनियलचा लिंबू-फुलांचा वास आणि सिमकोचा पाइन व फळांचा वास एकमेकांना धरून राहतात. सिट्राचा पपनस-आंब्याचा वास हवा असेल, तर त्याला मोठा वाटा द्यावा आणि दुसऱ्या हॉपला साथीला बसवावे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगनमधूनच बाहेर पडलेला कॅस्केड आजही या कामात कमी पडत नाही, त्याचा दरही परवडतो, आणि नवशिक्याने पहिली चांगली आयपीए केवळ कॅस्केडवर करून पाहावी असा माझा आग्रह आहे.

पाणी: एकच पाककृती, दोन शहरे

माझी पाककृती लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तंतोतंत करून पाहिली आणि त्याची तक्रार वेगळी निघाली. त्याची बिअर गोड कमी होती, पण गाल आखडावेत एवढी तुरट होती. यामागे दोन्ही शहरांचे पाणी होते.

पोर्टलंडचे पाणी माउंट हूडजवळच्या बुल रन खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचे. ते इतके मृदू आहे की त्यात कॅल्शियम आणि सल्फेट जवळजवळ नगण्य असतात. अशा पाण्यात कडूपणाला धार येत नाही, तो गोडव्यात बुडतो आणि मग माणूस हॉप वाढवतो. लंडनचे पाणी चुनखडीतून येते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते, आणि ते मॅशचा पीएच वर ढकलते. मावसभावाच्या मॅशचा पीएच ५.९ निघाला. स्पार्जच्या (दाण्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुण्याच्या) अखेरीस तो ६ च्या वर जात असणार, त्यातच त्याचे स्पार्जचे पाणी ८५ अंशांचे होते. अशा स्थितीत दाण्याच्या टरफलातील टॅनिने पाझरतात आणि बिअर फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहासारखी तुरट होते. काळ्या माल्टची आम्लता या बायकार्बोनेटचा तोल सांभाळते, म्हणून लंडन पोर्टर या काळसर बिअरसाठी प्रसिद्ध झाले आणि फिकट एलसाठी इंग्लंडमधील बर्टन ऑन ट्रेंट. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) थरांतून येते. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बास या बिअर उत्पादकांनी लंडनच्या हॉजसन या उत्पादकाच्या हातातील हिंदुस्थानची बाजारपेठ मिळवण्यासाठी जी फिकट, हॉपने भरलेली बिअर मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याकडे जाणाऱ्या जहाजांवर चढवली, तिचा कोरडा, स्पष्ट कडूपणा या सल्फेटच्या पाण्यामुळेच खुलला होता. आयपीएच्या नावातील हिंदुस्थानाइतकाच तिच्या चवीत बर्टनच्या विहिरीचा वाटा आहे.

बर्टनची नक्कल करण्याची मात्र गरज नाही. माझ्या जिभेला ३५० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) पुढे सल्फेट खडूसारखे लागते. मी २०० ते २२५ पीपीएम सल्फेट आणि ५० पीपीएमच्या आसपास क्लोराइड ठेवतो. हिशोब असा: १ ग्रॅम जिप्सम १ लिटरमध्ये विरघळल्यास सुमारे ५५८ पीपीएम सल्फेट आणि २३३ पीपीएम कॅल्शियम मिळते. मॅश आणि स्पार्ज मिळून ३० लिटर पाणी लागत असेल आणि मूळ पाणी मृदू असेल, तर १२ ग्रॅम जिप्समने २२३ पीपीएम सल्फेट होते आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडने ४८ पीपीएम क्लोराइड. धुके असलेल्या, रसाळ न्यू इंग्लंड आयपीएसाठी हे प्रमाण उलटवावे लागते, क्लोराइड वर आणि सल्फेट खाली. पश्चिम किनारपट्टीची पाककृती न्यू इंग्लंडच्या पाण्यात केली, तर ती बोथट लागते; न्यू इंग्लंडची पाककृती सल्फेटच्या पाण्यात खरखरीत लागते.

क्षार घालून काम संपत नाही. शुद्ध पाणी आणि फिकट माल्ट यांच्या मॅशचा पीएच ५.७ ते ५.८ असतो, कॅल्शियममुळे तो थोडा उतरतो, पण ५.३ पर्यंत येण्यासाठी लॅक्टिक आम्लाचे काही मिलिलिटर लागतातच. नमुना खोलीच्या तापमानाला आणून पीएच मोजावा आणि आम्ल थोडे थोडे घालावे. चुनखडीच्या पाण्यावर लॅक्टिक आम्लाचा मारा केला, तर त्याची स्वतःची आंबट चव उतरते. म्हणून मावसभावाने अर्ध्याहून अधिक पाणी आरओचे घेतले आणि स्पार्जचे पाणी ७५ अंशांवर आणले. पुढच्याच बॅचला तुरटपणा गेला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते आणि त्यातून दवाखान्यासारखा औषधी वास येतो. क्लोरामाइन साध्या उकळीने सहजी जात नाही. कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) अर्धी गोळी चुरून ३० लिटर पाण्यात ढवळली की काम होते.

वास तीन आठवड्यांत का विरतो

येथे तीन वेगवेगळी कारणे एकाच लक्षणामागे लपतात. हॉप आधीच शिळे असतील, तर वास पहिल्या दिवसापासून फिका असतो आणि पाकीट उघडताच शिळ्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास येतो. असे पाकीट कितीही किमतीचे असो, टाकून द्यावे. हॉप हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि उघडलेले पाकीट महिनोन्‌महिने वापरू नये.

दुसरे कारण ड्राय हॉपिंगच्या (न उकळता हॉप बिअरमध्येच भिजत ठेवण्याच्या) पद्धतीत असते. मी १०० ग्रॅम हॉप दहा दिवस ठेवत असे, कारण जास्त वेळ म्हणजे जास्त वास असे वाटत असे. पेलेट (दाबलेल्या गोळ्यांच्या) स्वरूपातील हॉपमधील सुगंधी तेले एक-दोन दिवसांतच उतरतात; त्यानंतर वास वाढत नाही, गवताळ आणि तुरट छटा मात्र वाढतात. प्रमाणालाही मर्यादा आहे. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत लाफोंटेन आणि शेलहॅमर यांनी कॅस्केडवर केलेल्या कामात असे दिसले की लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर लिंबूवर्गीय वास त्या प्रमाणात वाढत नाही आणि चहा-वनस्पतीसारखी छटा पुढे येते. मी आता लिटरला ६ ग्रॅम घेतो, म्हणजे वीस लिटरला १२० ग्रॅम, आणि तीन दिवसांवर जाऊ देत नाही.

तिसरे कारण प्राणवायू. पहिल्या आठवड्यात सुंदर असलेला वास तिसऱ्या आठवड्यात मध किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला आणि सोनेरी रंग तपकिरीकडे वळला, तर दुसरा संशयित शोधण्याची गरज नाही. माझ्या जुन्या पद्धतीत बिअर आधी दुसऱ्या फर्मेंटरमध्ये, मग बाटल्या भरण्याच्या बादलीत आणि मग बाटलीत जात असे. प्रत्येक वेळी ती हवेत उघडी पडत होती. आता दुसरा फर्मेंटर पूर्ण बंद केला आहे. ड्राय हॉप किण्वन संपत आल्यावर, दोन-तीन अंक बाकी असताना घालतो, म्हणजे झाकण उघडताना आत शिरलेला प्राणवायू जागे असलेले यीस्ट टिपून घेते. केगची (दाब सहन करणाऱ्या धातूच्या पिंपाची) सोय असणाऱ्यांनी केग आधी सॅनिटायझरने काठोकाठ भरून तो द्रव कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकलावा आणि मग बंद नळीतून बिअर सोडावी. बाटल्याच भरायच्या असतील, तर नळी तळाला टेकवून, खळखळाट न होऊ देता भराव्यात, वर हवेची जागा कमी ठेवावी आणि फेस तोंडाशी आलेला असतानाच बूच लावावे.

ड्राय हॉपिंगबाबत सावधगिरीची आणखी एक बाब आहे. हॉपमध्ये डेक्स्ट्रिने तोडणारी विकरे असतात. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. थांबलेले किण्वन हॉप घातल्यावर पुन्हा सुरू होते आणि गुरुत्व दोन-चार अंकांनी आणखी उतरते. हे काम बाटलीत घडले, तर दाब वाढून बाटली फुटू शकते, आणि हे जिवावर बेतू शकते. ड्राय हॉपनंतर दोन दिवसांच्या अंतराने दोन वाचने सारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. या दुसऱ्या किण्वनात लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिलही तयार होते. थोडा नमुना झाकून ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि थंड करून हुंगावा. लोण्याचा वास आला, तर यीस्टला आणखी दोन दिवस उबेत द्यावेत.

दुरुस्त केलेली पाककृती

सहाव्या बॅचपासून मी जी पाककृती वापरतो ती २० लिटरसाठी, माल्टमधून साखर काढण्याची ७२ टक्के कार्यक्षमता धरून अशी आहे. टू-रो पेल माल्ट ४.७ किलो, व्हिएन्ना ४०० ग्रॅम आणि उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत डेक्स्ट्रोज ३०० ग्रॅम. क्रिस्टल नाही, कॅरापिल्स नाही. मॅश ६५ अंशांवर ७० मिनिटे, पीएच ५.३, पाणी वर दिल्याप्रमाणे. आरंभीचे गुरुत्व १.०६२ येते. १४ टक्के अल्फाचे मॅग्नम २० ग्रॅम ६० मिनिटांना घालतो, त्याचे २९ आयबीयू होतात. दहा मिनिटांना १० टक्के अल्फाचे सेंटेनियल २० ग्रॅम, त्याचे साडेसात. ७८ अंशांच्या व्हर्लपूलमध्ये (वर सांगितलेल्या भोवऱ्यात) सेंटेनियल आणि सिमको प्रत्येकी ४० ग्रॅम वीस मिनिटे, ज्यांतून आणखी दहा-पंधरा आयबीयू मिळतात असे मी धरतो. एकूण पन्नाशीच्या आसपास. आधीच्या बॅचेसपेक्षा हा कडूपणा कागदावर कितीतरी कमी आहे, पण ग्लासात तो अधिक स्पष्ट लागतो, कारण त्याच्या वाटेत गोडवा उभा नाही. यूएस-०५ यीस्टचे ११.५ ग्रॅमचे ताजे पाकीट, १८ ते १९ अंश, आणि शेवटी दोन दिवस २१ अंश. अखेरचे गुरुत्व १.०१० ते १.०११ येते, म्हणजे अल्कोहोल पावणेसात टक्क्यांच्या जवळ. ड्राय हॉपला सिमको ६० आणि सिट्रा ६० ग्रॅम.

सर्व बदल एकाच बॅचमध्ये करू नयेत, असे नेहमी सांगितले जाते. या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. माल्ट आणि मॅश हे एकत्र बदलावेत, कारण दोघांचा परिणाम एकाच आकड्यात, अखेरच्या गुरुत्वात दिसतो. पाणी आणि व्हर्लपूल मात्र वेगवेगळ्या बॅचेसमध्ये बदलावेत, कारण दोन्हींचा परिणाम जिभेवर एकाच ठिकाणी उतरतो आणि श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

बाटल्या भरल्यावरची एक शेवटची तपासणी प्रत्येक बॅचला करावी. वायू पूर्ण भरल्यानंतर एक बाटली फ्रीजमध्ये आणि एक कपाटात, अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवावी. तीन आठवड्यांनी दोन्ही दोन सारख्या ग्लासांत ओतून खिडकीशी धराव्यात. कपाटातली गडद आणि मधाळ, फ्रीजमधली फिकट आणि ताजी असेल, तर बाटल्या भरतानाच प्राणवायू शिरला आहे आणि थंडीने फक्त त्याची गती रोखली आहे. दोन्ही सारख्याच फिक्या वासाच्या पण रंगाने उजळ असतील, तर प्राणवायूला दोष देऊ नये. हॉपच्या पाकिटावरील हंगामाचे वर्ष आणि व्हर्लपूलचा थर्मामीटर तपासावा.